माझ्या वाट्याला आलेला शब्द

माझा नातू दिवसातून वीस-पंचवीस वेळा ‘सॉरी’ म्हणतो. पेला लवंडला, सॉरी; मांजरीच्या शेपटीवर पाय पडला, मांजरीलाही सॉरी. त्याला एकट्याला काय बोलायचं, सगळं जगच म्हणतं. परवा रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर एका बाईनं माझ्या पायावर बॅग ठेवली, सॉरी म्हणाली आणि बॅग तिथेच ठेवून फोनवर बोलत राहिली. मी तीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कुठला शब्द कुठल्या घरचा, कुणाचा हात धरून आला, वाटेत त्यानं काय टाकलं आणि काय उचललं, हे सांगायचा मला भारी नाद. धडा राहायचा बाजूला, फळा शब्दांच्या वंशावळींनी भरायचा, आणि मुख्याध्यापक दारातून बघून मान हलवत निघून जायचे. पण हा एक शब्द मी कधी फळ्यावर घेतला नाही. मुलांना वाटत असेल, एवढ्या साध्या शब्दात सांगण्यासारखं काय आहे. खरं तर तो शब्द मला फार पूर्वी शोधायला दिलेला होता, आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवली त्या सकाळी जे घडलं, ते आज लिहून टाकायचं आहे.

आमचं घर रत्नागिरीपासून आत, संगमेश्वरच्या बाजूला, डोंगराच्या उतारावरच्या वाडीत. कुळवाड्याचं घर. जांभ्याच्या भिंती, पुढे शेणानं सारवलेलं खळं, मागे गोठा, आणि गोठ्याच्या मागे पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेली भातशेती. बाबा मुंबईला छापखान्यात कामाला. ते गणपतीला यायचे आणि शिमग्याला यायचे. एरवी घरात आई, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका. पहाटे आईच्या जात्याची घरघर, मग काकाच्या खोकल्याचा आवाज, मग माचिसची काडी ओढल्याचा. काका उठल्याउठल्या विडी ओढायचा आणि आई रोज तेच म्हणायची, “एक दिवस घरादाराला आग लावशील तू.” सकाळी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी, दुपारी भात आणि सुकट, रात्री उरलेला भात. कुणाला कंटाळा येत नसे, कारण कंटाळा येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आमच्या घरात माणसं एकमेकांची माफी मागत नसत. माफी मागायची ती देवाजवळ, आणि तीही स्वतः नव्हे. गाऱ्हाणं घालणारा म्हातारा नारळ हातात घेऊन सगळ्या वाडीच्या वतीनं मागायचा, “लेकराबाळांकडना काय चुकला माकला आसंल तर पदरात घे,” आणि आम्ही सगळे मागून “व्हय म्हाराजा” म्हणायचो. तेवढ्यात वर्षभराचं सगळं फिटायचं. माणसामाणसांत रीत वेगळी होती. आईनं मला उगीच मारलं आणि तिला ते मागाहून कळलं, तर त्या दिवशी माझ्या केसांना तेल जरा जास्त वेळ चोळलं जायचं. काका ओरडला तर संध्याकाळी माझ्यासमोर पिकलेली काजूची बोंडं येऊन पडायची. ‘सॉरी’ हा शब्द आमच्या वाडीत आणला बाबांनी. मुंबईहून येताना ते बिस्किटांचे पुडे, खोबरेल तेलाची बाटली आणि असे चार-सहा इंग्रजी शब्द आणायचे. त्यांचा धक्का लागून सखूकाकीची कळशी हिंदकळली तेव्हा ते “सॉरी हां वहिनी” म्हणाले होते, आणि सखूकाकी पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती.

सखूकाकी आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन मुंबईला. आमच्या शेताच्या बांधापलीकडे तिचं शेत. एक बैलजोडी, गवताची एक मोठी उडवी, म्हणजे वर्षभराच्या वैरणीची रचलेली गंजी, आणि तीन आंब्याची कलमं. ती कलमं तिनं तीन उन्हाळे वहाळावरून डोक्यावर पाणी आणून जगवली होती. पहिल्यांदा मोहोर आला त्या वर्षी तिनं आम्हाला सगळ्यांना बोलावून नेऊन दाखवला होता.

मी नववीत होते. आमच्या इंग्रजीच्या सरांना शब्दांचं वेड होतं. माझ्यातलं वेड त्यांच्याकडूनच आलं. त्यांच्याजवळ एक जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा सुटलेला, सुतळीनं शिवलेला. प्रत्येक शब्दाच्या पुढे तो कुठल्या भाषेतून आला ते बारीक अक्षरांत छापलेलं. सरांनी एकदा चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येकाला एक शब्द दिला. आठवड्याला एकानं शब्दकोश घरी न्यायचा आणि सोमवारी उभं राहून आपल्या शब्दाचं कूळ सांगायचं. शेजारच्या वाडीच्या मुलीला ‘मँगो’ आला. तिनं सांगितलं की आपला आंबा दक्षिणेकडच्या लोकांच्या तोंडचा ‘मांगा’ होऊन पोर्तुगीजांच्या गलबतातून इंग्रजांकडे गेला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. एकाला ‘मॉन्सून’ आला. तो अरबांचा ‘मौसिम’ निघाला, म्हणजे आपला मोसमच. माझ्या चिठ्ठीत निघालं ‘सॉरी’. मी अगदी हिरमुसले. यात कसलं गलबत असणार?

शनिवारी शब्दकोश माझ्याकडे आला, आणि रविवारी आमची भाजावळ होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तिथे पावसाळ्याआधी झाडांची तोडलेली कवळं, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर देतात, वर माती पसरतात आणि ते भाजतात. जमीन भाजली की तण मरतं आणि राखेत रोप जोमानं येतं. आग लावायची सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, आणि ती निवेपर्यंत कुणीतरी हिरवी फांदी घेऊन राखणीला बसायचं. भाजावळ सोडून उठायचं नाही, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं.

काकानं पेटवलं. बांधाच्या कडेचं सुकं गवत त्यानं आधीच झाडून काढलं होतं. विडी ओढून झाली तसं थोटूक बांधापलीकडे भिरकावलं आणि मला म्हणाला, “बस गो हितं. फांदी हातात ठेव. मी ढोरा पाण्यावर घालून येतंय.” जाताना तो खांदा उडवत, तोंडानं ढोलाचा ठेका धरत गेला. शिमगा दोन आठवड्यांवर आला होता. आमच्या वाडीत पालखी नाचवावी ती काकानं. एरवी बोलताना अडखळणारा, चारचौघांत मागे उभा राहणारा माणूस, पण पालखीचा दांडा खांद्यावर आला की बाकीचे बाजूला व्हायचे. पाचपन्नास गावची माणसं बघायला थांबायची. वर्षाचे बाकीचे दिवस तो त्या चार दिवसांसाठी जगतो, असं आई म्हणायची, आणि ती थट्टा नव्हती.

फांदी मी हातात ठेवली नाही. परकराखाली लपवून आणलेला शब्दकोश मांडीवर घेतला. काढायचा होता ‘सॉरी’, पण माझी बोटं भलतीकडेच गेली. ‘टीक’ म्हणजे साग, हा मल्याळी. ‘कॉयर’ म्हणजे काथ्या, तोही तिकडचाच. ‘बंगलो’मध्ये बंगाल निघाला. आपल्याकडची इतकी माणसं इंग्रजांच्या पुस्तकात बसलेली बघून मला इतका आनंद झाला की मी एका शब्दावरून दुसऱ्यावर नुसती उड्या मारत होते. किती वेळ गेला कोण जाणे. गालाला झळ लागली तेव्हा वर बघितलं. वारा सुटला होता. आमच्या भाजावळीच्या कोपऱ्यातून आगीची एक बारीक रेघ बांधावर चढली होती आणि माझ्या डोळ्यांदेखत पलीकडे उतरत होती.

तेव्हा ती रेघ हातभर होती. फांदीनं चार फटके मारले असते तरी विझली असती. मी आधी पुस्तक उचललं. हे मला लिहिताना अजून कानकोंडं होतं, पण मी आधी पुस्तकच उचललं. सरांचं पुस्तक जळेल या भीतीनं ते छातीशी धरून पळत घरी गेले, पेटीत ठेवलं, आणि मग बाहेर येऊन “आग, आग” म्हणून ओरडले. माणसं हंडे-कळश्या घेऊन धावली. उडवी तोवर पेटली होती. उडवी पेटली की कुणाचं काही चालत नाही; माणसं नुसती लांब उभी राहून कलमांवर पाणी मारत होती, आणि कलमांची पानं त्या पाण्यासकट करपत होती. सखूकाकी ओरडली नाही की रडली नाही. बैल सोडून लांब नेऊन बांधले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

काका धावत आला तेव्हा सगळं आटपलं होतं. त्यानं सखूकाकीचं शेत बघितलं, बांध बघितला, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, “भाजावळ निवाली व्हती ना गो? तू निवल्यावरच उठलीस ना?”

मी मान हलवली. तोंडानं ‘हो’ म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती. नुसती मान हलवली.

काकानं पुन्हा एकदा बांधाकडे बघितलं. मग सखूकाकीकडे वळून म्हणाला, “मंग माजीच इडी. मीच टाकली व्हती बांदापलीकडं.” आईनं कपाळावर हात मारला. सखूकाकी एवढंच म्हणाली, “जावं दे. आगीला काय डोलं असतात?”

दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी मला उभं केलं. मी म्हणाले, “सर, सापडला नाही.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. “शब्दकोशात सापडत नाही असा हा शब्द नाही,” असं म्हणून त्यांनी पुस्तक परत घेतलं. तो शब्द मी पुढे फार वर्षांनी, नोकरी लागल्यावर, माझ्या स्वतःच्या शब्दकोशात काढला. माझी समजूत होती की ‘सॉरी’ हा ‘सॉरो’चा, म्हणजे दुःखाचा, भाऊ असणार. दिसतात तसे, पण दोघांचं कूळ वेगळं. ‘सॉरी’ निघतो तो ‘सोर’मधून. सोर म्हणजे दुखरं, ठणकणारं. जुन्या इंग्रजीत हा शब्द म्हणणारा माणूस समोरच्याकडे काही मागत नसे. माझं दुखतं आहे, एवढंच सांगत असे. पुढे तो दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरात आला, कुणाच्या घरी कुणी गेलं तर म्हणायला. मग चुकीसाठी, मग पायावर बॅग ठेवण्यासाठी. मी पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांत मला दुखलं होतं हे खरं, पण ते ज्याला सांगायचं त्याला मी सांगितलं नव्हतं. मग वर्गात कुठल्या तोंडानं सांगणार?

गावकी सहाणेवर बसली. पालखी जिथे बसवतात तीच ही जागा. आमच्या गवतातलं अर्धं सखूकाकीला द्यायचं ठरलं. देवाला नारळ ठेवायचा ठरलं. आणि काकानं त्या शिमग्यात पालखीला खांदा लावायचा नाही, असंही ठरलं. सांगताना मानकऱ्यांचाच आवाज खाली गेला. पालखी आमच्या खळ्यात आली तेव्हा दुसरीच दोन माणसं नाचवत होती, आणि ठेका चुकत होता. बाबा मुंबईहून आलेले. ते खांबाला टेकून उभे. आईनं ओटी भरली. काका गोठ्याच्या दाराशी हात जोडून उभा होता आणि त्याचा डावा खांदा आपोआप वरखाली होत होता. मी पुरणपोळी अर्धी ताटात टाकली. आईला वाटलं, मला ताप आहे.

आमच्या अर्ध्या गवतानं सखूकाकीची बैलजोडी पावसाळ्यापर्यंत निभली नाही. तिनं बैल दुसऱ्या गावी दिले आणि पुढे उसन्या जोतावर शेती केली. वैशाखात ती नेहमीसारखी पहिली करवंदं माझ्या ओंजळीत घालून गेली. मी ती घराच्या मागे जाऊन दगडी गडग्यापलीकडे टाकली. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिला मी कधीच काही सांगितलं नाही, आणि आता तिच्यापुरतं ते तसंच राहणार.

मग मी जगले कशी, असं कुणी विचारील. माणूस स्वतःला सांगायला गोष्ट शोधून काढतोच. माझी गोष्ट अशी होती, की काकाला सगळं ठाऊक होतं. त्यानं माझा चेहरा बघितला, ओळखलं, आणि पोरीची जात म्हणून आळ आपल्या अंगावर घेतला. ही गोष्ट मी इतकी घोटली की ती मला खरी वाटायला लागली. काकाबद्दल मनात माया दाटून यायची, आणि त्या मायेत माझी चूक जरा मऊ व्हायची. त्यानं त्या दिवसापासून विडी ओढली नाही, हे मला दिसत होतं. बंदी एका वर्षाची असून त्यानं पुढेही कधी खांदा लावला नाही, हेही दिसत होतं. त्याचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, माणूस बदलतो, असं मी म्हणत गेले. शिकलेल्या माणसाला सबबी जरा बऱ्या सुचतात.

यंदाच्या शिमग्याला मी गावी गेले होते. काका आता पंचाहत्तरी ओलांडलेला, गुडघ्यांनी जेर झालेला. पालखी खळ्यात आली. त्याचा नातू, मुंबईला नोकरी करणारा, दांडा खांद्यावर घेऊन ओरडला, “आजा, हात तरी लाव.” काका पडवीतून उठला नाही. म्हणाला, “माजा हात नको त्याला.” दुसऱ्या दिवशी सकाळी तो खळ्यात सुपात वाल घेऊन निवडत बसला होता, तिथे जाऊन मी विचारलं, “काका, बंदी तर एका वर्षाची होती ना?”

“गावकीची एका वर्साची,” तो म्हणाला. “माजी मना ठावक. एका इडीपायी त्या बाईची वर्साची वैरन गेली. कलमा गेली. बैला गेली. देवानं माफ केलान आसंल, पन त्या खांद्यावर देव कसा घेवाचा?”

त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं तो मनापासून मानत होता की आग त्यानंच लावली. मी ज्याला त्याचा मोठेपणा म्हणत होते, तो माझ्या हललेल्या मानेवर ठेवलेला विश्वास होता.

मी सांगितलं. पुस्तकाचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं, बांधावर चढलेल्या रेघेचं सांगितलं, मान हलवली ते सांगितलं. इतकी वर्षं भाषा शिकवली, पण शेवटी माफीचा कुठलाच शब्द तोंडातून निघाला नाही, ना आपला ना त्यांचा. काकाचे हात सुपात थांबले होते.

“म्हंजे इडी नव्हती?”

“नव्हती.”

“खरा?”

“खरं, काका.”

त्यानं सुपातला एक वाल उचलला आणि परत टाकला. मग म्हणाला, “तुजी आई मरताना मना म्हनाली, इडी सोडलीस ती बरी केलीस, पन येलेवर सोडाची व्हतीस.” एवढंच. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं सूप बाजूला ठेवलं, काठी घेतली आणि नातवाला हाक मारली. “पालखी खंय पोचली रे?”

पालखी खालच्या घरी होती. नातू त्याला धरून घेऊन गेला, मी मागून. खळ्यात माणसं पालखी नाचवत होती. काका मध्ये जाऊन उभा राहिला तसा ढोल थांबला. कुणी काही विचारलं नाही. नातवानं आणि आणखी एकानं दांड्याचं वजन हातांवर तोलून धरलं आणि तो अलगद काकाच्या डाव्या खांद्यावर टेकवला. ढोलवाल्यानं हळू ठेका धरला. काकानं खांदा उचलायचा प्रयत्न केला. एकदा केला, दुसऱ्यांदा केला. खांदा उचलला जाईना. दांडा काढून घ्या म्हणून त्यानं हातानं खूण केली. पालखीपुढे नारळ नाही, गाऱ्हाणं नाही, नुसतं डोकं टेकवलं, आणि माघारी फिरला.

नातू पालखीबरोबर पुढच्या घरी गेला. चढाची वाट होती आणि काकाचे पाय थरथरत होते. मी हात पुढे केला. त्यानं तो हात बघितला, माझ्याकडेही बघितलं, आणि गडग्याच्या दगडांना धरून धरून एकटाच घराकडे चढत गेला.